फोटोत राहिलेलं कोपर

निर्मळ,
११ फेब्रुवारी १९७९

प्रिय मटिल्डा,

सप्रेम नमस्कार. तुझं नाताळचं कार्ड वेळेवर पोचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण लिहायचं होतं ते गोड शब्दांत बसत नव्हतं. आजही बसत नाही, पण आता गिळूनही बसवत नाही.

आज देवळात मिस्सा संपल्यावर शाळेच्या हॉलमध्ये युवक मंडळाची सभा होती. हजेरीपटावर बेचाळीस नावं आहेत. हजर होते सात. त्यातला एक जण पंख्याखाली झोप काढायला येतो. 'ख्रिस्ती तरुणांपुढील आव्हाने' हा विषय मी तीन रात्री जागून तयार केला होता. बाकीचे पस्तीस कुठे होते सांगू? तुझ्या बहिणीबरोबर, खालच्या आळीच्या क्रुसाला चुना लावत.

तुला आठवण करून द्यायला नको, पण देते. हे मंडळ सात वर्षांपूर्वी आपण दोघींनी काढलं. मुलामुलींना एका खोलीत बसवणार म्हणून लोकांनी आपल्याला काय काय नावं ठेवली! तू लग्न होऊन खडकीला गेलीस आणि पाच वर्षं मी एकटीने गाडा ओढला. आणि आता माणिकपूरच्या कचेरीत टायपिंग करणारी तेवीस वर्षांची पॉलिन येते आणि म्हणते, "बाई, मुलांना हॉलमध्ये कशाला बोलवायचं? आपणच आळीत जाऊ." दर रविवारी एक आळी, एक क्रूस. गवत काढायचं, चुना लावायचा, मग तिथेच बसून गप्पा आणि उकडलेले चणे. भाषण नाही, वही नाही, हजेरी नाही. याला युवाकार्य म्हणतात? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

फादर गॅब्रिएलना सांगायला गेले तर म्हणाले, "रेजिना, मुलं येतात ना, मग झालं."

मला हेवा वाटतो असं मनात आणू नकोस. चौतिसाव्या वर्षी मी त्या पोरीचा हेवा करीन का? मला फक्त शिस्तीची काळजी आहे. धाकटी बहीण आहे तुझी, तुझं ऐकेल. तिला चार शब्द समजावून लिही.

तुझी,
रेजिना


खडकी,
२५ फेब्रुवारी १९७९

प्रिय रेजी,

पत्र वाचून आधी हसले, मग आल्बर्टला वाचून दाखवलं, मग तोही हसला. सात म्हणजे काही थोडे नव्हेत गं. आपल्या प्रभूचे बारा होते, त्यातलाही एक फुटला.

पॉलिनला लिहिते. ऐकेल असं वाटत नाही, ती लहानपणापासून तिच्याच तालात. क्रुसांना चुना लावायचं तिला कुठून सुचलं देव जाणे. मला तर वाचून नवलच वाटलं.

आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आईने मागे मंडळाच्या पाच वर्षांची स्मरणिका पाठवली होती. चौथ्या पानावर फोटो आहे, 'मंडळाच्या संस्थापिका'. मधोमध तू, साडी छान नेसली आहेस. तुझ्या उजव्या हाताला एक कोपर आहे. बांगडीवरून ओळखलं, माझंच ते. आल्बर्ट म्हणाला, "कोपर तरी छापलं, उपकार मान." मी तेव्हा काही बोलले नाही. आजही बोलत नाही. फक्त सांगितलं.

इथे माझं बरं चाललंय. चाळीस नंबरच्या खोलीतली आल्बर्टची बायको, शेरॉनची मम्मी. क्वार्टर्समधल्या बायकांना मी कधी शंभर पोरांपुढे उभी राहून बोलायचे हे सांगितलं तर त्या म्हणतात, "हो का? बरं, तुमच्याकडे जास्तीची कोथिंबीर आहे का?" सांगायचं सोडून दिलंय मी.

राख बुधवार तीन दिवसांवर आला. उपवासकाळात राग कमी करावा म्हणतात. दोघींनी करून बघू.

तुझीच,
मटिल्डा


निर्मळ,
१८ एप्रिल १९७९

प्रिय मटिल्डा,

पुनरुत्थानाच्या शुभेच्छा. फोटोचं म्हणशील तर तो छापखान्यातल्या ब्लॉक बनवणाऱ्याने कापला. चौकटीत बसत नव्हता. तुला एवढं लागलं असेल असं वाटलं नाही.

आता गुड फ्रायडेचं ऐक. दरवर्षी क्रुसाची वाट आपण देवळात करतो, येशूच्या यातनांच्या चौदा चित्रांपुढे, आणि प्रार्थना मी वाचते. यंदा पॉलिनने फादरना पटवलं आणि वाट गावातून काढली. चौदा ठिकाणं म्हणजे चौदा आळ्यांचे चौदा क्रूस. केळीच्या वाड्यांमधून, पाटाच्या कडेने, डोक्यावर ऊन घेत चारशे माणसं चालली. प्रत्येक क्रुसापाशी त्या आळीच्या पोरांनी आपल्या घरच्या बोलीत, जशी आली तशी प्रार्थना म्हटली. कोळ्यांकडच्या एका मुलाने सरळ म्हटलं, "देवा, तुला तहान लागली तवा कुनी पानी दिलं नाय. आमी देतो." आणि खरोखरच त्याने क्रुसाच्या पायाशी तांब्याभर पाणी ठेवलं. याच मुलाला मी दोन वर्षांपूर्वी वाचन नीट येत नाही म्हणून सगळ्यांसमोर खाली बसवलं होतं. त्यानंतर तो हॉलमध्ये आला नव्हता.

शेजारच्या मालनवहिनी देवळात कधी यायच्या नाहीत, त्यांनी आपल्या वाडीतली टोपलीभर कागड्याची फुलं आमच्या क्रुसाला वाहिली. आणि चौदाव्या ठिकाणी माझ्या आईने पदर डोळ्यांना लावला. माझी आई, मटिल्डा! माझ्या भाषणांना सात वर्षं जांभया देत आली ती बाई.

मी बाजूला उभी होते. मला रडू आलं ते भक्तीचं नव्हतं. तुला खोटं का सांगू?

त्यात फादरनी जाहीर केलंय की नोव्हेंबरात ख्रिस्त राजाच्या सणाला मोठा युवक मेळावा घ्यायचा आणि त्या दिवशी सगळ्या धर्मग्रामाचा, चौदाही आळ्यांचा मिळून, एकच युवाप्रमुख नेमायचा. एकच. मला ते पद हवंय. तुझ्याशी उघड बोलते. शाळेत मी चौथी 'ब'ची बाई, घरी आईची लग्न न झालेली मुलगी. फक्त मंडळात मी कुणीतरी आहे. तीन स्थळं मी या मंडळापायी परतवली, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

जाता जाता एक चांगली गोष्ट. माझा मावसभाऊ आलोशियस नाशिकला बँकेत आहे. वय अठ्ठावीस, निर्व्यसनी, स्वतःची स्कूटर. पॉलिनसाठी कसा वाटतो? मुलगी वेळेवर उजवलेली बरी. माझा यात काही स्वार्थ नाही.

तुझी,
रेजिना


खडकी,
६ मे १९७९

प्रिय रेजी,

स्थळ उत्तम आहे. आईला मी आजच लिहिलं, उशीर करू नका म्हणून. नाशिक काही परदेश नाही, पण रोज उठून निर्मळला येण्याइतकं जवळही नाही. मुलीने सासरी रमावं हेच बरं.

तुला वाटेल ही लगेच कशी तयार झाली. पॉलिन हल्ली फार स्वतःच्या डोक्याने चालते. थोरल्यांनी काही सुचवावं तर "बघू" म्हणते. संसाराला लागली की येईल ताळ्यावर.

मेचा महिना आहे. तिकडे क्रुसापाशी संध्याकाळची जपमाळ सुरू झाली असेल, घराघराच्या पाळ्या लागल्या असतील. आमच्या घरच्या पाळीला चण्यात खोबऱ्याचे तुकडे घालायला आईला सांग. ती विसरते. शेरॉनला मी जपमाळ म्हणायला बसवते तर ती म्हणते, "मम्मी, क्रूस कुठाय?" इथे भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसतो आम्ही.

आलोशियसला लवकर सुट्टी काढायला सांग.

तुझीच,
मटिल्डा


निर्मळ,
५ ऑक्टोबर १९७९

मटिल्डा,

'प्रिय' लिहीत नाही.

जूनमध्ये बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हापासून मी तुला किती आनंदाने पत्रं लिहिली! आलोशियसला पॉलिन आवडली, तिला तो आवडला, ऑगस्टमध्ये साखरपुडा झाला. गेल्या रविवारी मिस्साला दोघांच्या लग्नाच्या तीन पुकारांतली पहिली पुकारही झाली. मी पहिल्या बाकावर बसून हात जोडले. मनात म्हटलं, आता दोनच रविवार. मग लग्न, मग नाशिक, मग मेळावा.

काल संध्याकाळी पॉलिन घरी आली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. म्हणाली, "बाई, मी जातेय, मंडळाचे कागद तुमच्याकडे असू देत." डबा उघडला. आत तुझी पत्रं. एकतीस पत्रं, मटिल्डा! मी सगळी वाचली.

"रेजीला भाषणं करू दे. तू पोरांना क्रुसापाशी ने. क्रुसाजवळ कुणाला लाज वाटत नाही." तुझं अक्षर. "खालच्या आळीपासून सुरुवात कर, तिथली पोरं रेजीवर चिडलेली आहेत." तुझं अक्षर. "माझं नाव कुठे घेऊ नकोस. राहू दे तिला हॉलमध्ये हजेरी घेत." हेही तुझंच.

आणि मला लिहितेस, कुठून सुचलं देव जाणे! देवाला कशाला मध्ये घेतेस? इतके महिने मी माझं दुःख तुझ्यापुढे ओतत होते आणि तू खडकीत बसून तेच वाचून पुढच्या रविवारचा बेत आखत होतीस. मी पॉलिनचा हेवा करत राहिले. करायचा होता तुझा.

रेजिना


खडकी,
१० ऑक्टोबर १९७९

प्रिय रेजी,

तू लिहिलं नाहीस तरी मी 'प्रिय' लिहिते.

हो, मीच. नाकारून काय करू, एकतीस साक्षीदार डब्यात आहेत.

ते कोपर बघितलं त्या दिवशी मी पोळ्या करत होते. तवा तसाच जळत राहिला. वाटलं, सुरुवात दोघींनी केली, शिव्या दोघींनी खाल्ल्या, आणि मी लग्न करून गेले एवढ्यावर मला कापून टाकलं. तू तिथे उभी राहून बोलतेस आणि मी इथे कोथिंबीर निवडते. मला तुझा इतका हेवा वाटायचा, रेजी, की तुझी पत्रं आली की दोन दिवस मी आल्बर्टशी नीट बोलत नसे. मग पॉलिन मंडळात पुढे येऊ लागली आणि मला वाट सापडली. दर आठवड्याला तिला लिहायचं. तिचं उत्तर आलं की मी पुन्हा मटिल्डा व्हायचे.

पण तुझी एक चूक दुरुस्त करते. चौदा क्रुसांची वाट माझी नव्हे. मी गुड फ्रायडेसाठी नाटक पाठवलं होतं, पोशाखांसकट, अठरा पानं. पॉलिनने ते बाजूला ठेवलं. ईस्टरनंतर तिचं पत्र आलं: "ताई, आता बेत पाठवू नकोस. मुलं आपलं आपण ठरवतात." एवढंच. त्या वाटेचं वर्णन मला तुझ्या पत्रात वाचायला मिळालं. तांब्याभर पाणी वाचलं आणि तुझ्यासारखंच मलाही रडू आलं, तेही भक्तीचं नव्हतं. मला असलं कधी सुचलं नसतं. तुलाही नाही.

म्हणून तुझं स्थळ आलं तेव्हा मी एका पायावर तयार झाले. तुला ती तिथून जायला हवी होती, मलाही. आपण दोघींनी मिळून तिची पाठवणी ठरवली, आणि कशासाठी ते एकमेकींना सांगितलं नाही.

काल आल्बर्टने विचारलं, "पॉलिनला नाशिकला जायचं आहे का, हे कुणी विचारलं का?" तिसरी पुकार चौदा तारखेला आहे. मी इथून काय करणार? तू तिथे आहेस.

तुझी,
मटिल्डा


निर्मळ,
१५ ऑक्टोबर १९७९

प्रिय मटिल्डा,

काल मी जे केलं ते तुझ्या आईकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

तिसरी पुकार झाली. फादर वाचत होते, "या विवाहाला कुणाला काही अडथळा ठाऊक असल्यास त्याने कळवावे." हे वाक्य आपण जन्मभर ऐकत आलो. ते ऐकून कुणी उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. कळवायचं असतं ते नंतर, आत जाऊन, हळूच. हा नियम मी दरवर्षी मुलांना शिकवते. आणि मी उभी राहिले. भर मिस्सात. कशी उभी राहिले मला माहीत नाही, पाय आपसूक उठले. सगळं देऊळ वळून बघायला लागलं. तुझ्या आईने छातीवर हात ठेवला.

फादर थांबले. म्हणाले, "मिस्सा संपली की आत ये, रेजिना."

आत पॉलिन होती, आलोशियसही होता. मी सांगून टाकलं. "फादर, हे स्थळ मी चांगल्या मनाने आणलं नाही. ही इथून जावी म्हणून आणलं. हिच्या बहिणीनेही त्याचसाठी होकार दिला. असलं लग्न कसं चालेल?"

फादरनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, याला पाप म्हणतात, अडथळा नाही म्हणत. पापनिवेदन शनिवारी पाच ते सहा."

मी पॉलिनकडे बघायचं टाळत होते. तीच पुढे आली. "बाई, मला जूनपासून ठाऊक आहे. तुम्ही मला इतक्या वर्षांत कधी वाडीतलं केळं दिलं नाय, नि एकदम नवरा द्यायला निघालात! तेवढं कळत नाय का मला? पण माणूस चांगला निघाला. त्याला मी काय करू?"

आलोशियस गाढवासारखा हसत होता.

मी विचारलं, "मग ती पत्रं मला का दिलीस?"

"ताई तुमच्यावर चिडलेली, तुम्ही माझ्यावर. दोघी गोड गोड लिहीत होतात. म्हटलं एकदा भांडा तरी."

आणि आणखी एक सांगितलं तिने, ते तुझ्यासाठी. म्हणाली, "ताईच्या पहिल्या पत्राशिवाय मी क्रुसापाशी गेलेच नसते. बाईंच्या मंडळाशिवाय ताईने लिहिलंच नसतं. तुम्ही दोघी कशाला मोजत बसता?"

घरी येऊन मी दार लावून रडले. एवढी लहान मुलगी आपल्याला इतकं ओळखून होती, आणि तरी रागावली नव्हती. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

लग्नाला लवकर ये. आठ दिवस आधी ये.

तुझी,
रेजी


निर्मळ,
१६ डिसेंबर १९७९

प्रिय मटिल्डा,

तू गेल्यापासून घर सुनं वाटतं. लग्नात आपण दोघींनी मांडवात मांडीला मांडी लावून पापड तळले, त्याचं गावाला अजून नवल आहे.

मेळावा झाला. तुला निकाल कळला असेलच, पण माझ्या तोंडून ऐक. युवाप्रमुख मी नाही. मुलांनी कार्मिनचं नाव दिलं आणि फादरनी तेच वाचलं. वरच्या आळीची कार्मिन, एकोणीस वर्षांची, पहाटेच्या गाडीने दादरला फुलं घेऊन जाते ती. मी टाळ्या वाजवल्या. तळहात दुखेपर्यंत वाजवल्या, नाहीतर चेहऱ्यावर दिसलं असतं. चार दिवस मला जेवण गेलं नाही. पापनिवेदन करून हेवा जातो हे खोटं आहे, तो फक्त जागा बदलतो.

पाचव्या दिवशी कार्मिन दारात आली. "बाई, तुमचा हजेरीपट हवाय."

मला वाटलं, आता तोही काढून घेणार. विचारलं, "तुम्हाला कशाला हजेरी?"

म्हणाली, "कोण येतं ते दिसतंच. कोण यायचं बंद झालं ते बघायचंय. त्यांच्या घरी जायचंय. तुमच्याशिवाय कुणाकडे सात वर्षांची नावं नाहीत."

मटिल्डा, सात वर्षं मी दर रविवारी गैरहजरांपुढे शून्य काढत आले. त्यातल्या एकाच्याही दारी गेले नाही. मला वाटायचं, मी माझं काम करते आहे.

आता बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी हजेरीपट घेऊन निघतो. काल कोळ्यांकडे त्या तांब्यावाल्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने मला ओळखलं. "तुमीच ना त्याला खाली बसवलेलं?" मी म्हटलं, "हो, मीच." त्या माउलीने चहा दिला. मी त्याची माफी मागितली. तो लाजून मागल्या दाराने पळाला, पण आज सकाळी क्रुसापाशी आला होता. बोलतात मुलं कार्मिनशीच. मी चणे वाटते. हेवा वाटतोच, पण आता हात रिकामे नसतात.

पॉलिनचं पत्र आलं आहे. नाशिकला तिने अकरा जण जमवले. तिथे आळीत क्रूस नाहीत, म्हणून दर रविवारी एकाच्या घरी बसतात. महिनाभरात अकरा! आपल्याला पहिल्या महिन्यात किती मिळाले होते? चार. त्यातल्या आपण दोघी.

यासोबत एक वस्तू पाठवते. स्मरणिकेतला फोटो, मूळचा, अख्खा. ब्लॉकवाल्याने कापला असं मी लिहिलं होतं. कात्री माझी होती. तुझं लग्न झालं, तू मंडळ सोडून गेलीस, माझा फार संताप झाला होता, आणि मला तुझा हेवा वाटत होता. हे मला तेव्हाच लिहायला हवं होतं. कापलेला तुकडा मी फेकला मात्र नव्हता, प्रार्थनेच्या पुस्तकात होता. काल खळीने मागून चिकटवला. रेघ दिसते, तिला इलाज नाही.

नीट बघ. तुझ्या पलीकडे पॉलिन आहे, सोळा वर्षांची. मी कापलं तेव्हा तीही तुझ्याबरोबर गेली होती, मला आठवतच नव्हतं. तू आणि मी हनुवटी वर करून कॅमेऱ्याकडे बघतोय. तिने मान मागे वळवली आहे आणि मागच्या रांगेतल्या कुणाला तरी हाताने पुढे बोलावते आहे.

हेवा तेव्हाच करायला हवा होता गं आपण तिचा. पण आपलं तिकडे लक्षच नव्हतं.

तुझी,
रेजी